तासाला नऊशे रुपये: विक्रोळीतल्या एका मराठी शिकवणीचा हिशेब

वहिनी माझ्याकडे आल्या त्या दोनशे पानी वही घेऊनच. २०२४ चा जून, पहिल्या पावसात वहीचा पुठ्ठा भिजलेला. बँकेने छोट्या कर्जासाठी इन्कम टॅक्सचं रिटर्न मागितलं होतं आणि वहिनींनी आयुष्यात एकदाही ते भरलं नव्हतं. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "भाऊजी, मला परदेशातनं पैसे येतात. यात काही बेकायदा नाही ना?"

मी कन्नमवार नगरात राहतो, हिशेब लिहितो आणि रिटर्नं भरतो. माझी गिऱ्हाइकं म्हणजे रिक्षावाले, पोळीभाजी केंद्रवाल्या, एक-दोन पार्लरवाल्या. डॉलरमधली कमाई घेऊन आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक, तेही आमच्या मागच्या इमारतीतलं. त्यांच्या परवानगीने हे लिहितोय. नाव, इमारत आणि त्या ज्या कंपन्यांवर शिकवत होत्या त्यांची नावं वगळली आहेत. आकडे वहीतले आहेत, जवळच्या शेकड्यात आणलेले.

"घरबसल्या परदेशी लोकांना शिकवा, डॉलर कमवा" अशी जाहिरात प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेली असेल. हे खोटं नाही. पण त्या जाहिरातीत तासाचा दर असतो आणि त्या तासाच्या आजूबाजूचे तास नसतात. वहिनींच्या वहीत ते दोन्ही सापडले, म्हणून हे प्रकरण मांडावंसं वाटलं.

वही सुरू होते तिथे

वहिनी मराठी विषय घेऊन बी.ए., बी.एड. विनाअनुदानित शाळेत तासिका तत्त्वावर अकरा वर्षं शिकवलं. शेवटचा पगार ९,००० रुपये. मुंबईत मराठी माध्यमाच्या तुकड्या कशा मिटत चालल्यात हे सांगायला नको. त्यांच्या शाळेतही पाचवीला पुरेशी मुलं मिळेनात आणि २०२१ च्या जूनमध्ये त्यांना पुढचं पत्र मिळालं नाही. नवरा शिफ्टमध्ये, मुलगी कॉलेजात, घर म्हणजे एक खोली नि स्वयंपाकघर. लॉकडाउनमध्ये शाळेसाठी व्हिडिओ कॉलवर वर्ग घेतलेले असल्यामुळे कॅमेऱ्यासमोर बोलायची भीड मात्र मोडली होती.

मुलीने त्यांचं एका परदेशी साइटवर प्रोफाइल बनवून दिलं. विषय: इंग्रजी. का, तर "मराठी कोण शिकणार?"

या बाजाराची घडण थोडी समजून घ्यायला हवी. इंग्रजी शिकवून परदेशी पैसा मिळवणारा देश म्हणून फिलिपिन्सचं नाव आधी घ्यावं लागतं. टोकियोतली रेअरजॉब ही कंपनी २००७ पासून जपानी माणसाला फिलिपिनो शिक्षकाशी इंटरनेटवर जोडून देते आहे, आणि तिच्यामागे अशा आणखी कंपन्या आल्या. अमेरिकी, ब्रिटिश शिक्षकापेक्षा फिलिपिनो शिक्षक स्वस्त, हेच तिथल्या धंद्याचं भांडवल. दुसरीकडे, चीनमधल्या मुलांना शिकवणारे हजारो अमेरिकी शिक्षक होते. २०२१ च्या जुलैत चीन सरकारने शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले, परदेशात बसून चिनी मुलांना शिकवणाऱ्यांवर बंदी घातली आणि ते काम एका फटक्यात गेलं. वहिनी नेमक्या त्याच पावसाळ्यात बाजारात उतरल्या. बाजाराचा पंचांग बघून कोण उतरतं म्हणा.

साइटवर विद्यार्थी शोधायला येतो तेव्हा त्याच्यासमोर गाळण्या असतात: दर, वेळ, आणि 'मातृभाषक' आहे का. तिसरी गाळणी लावली की वहिनी यादीतून गायब. ती न लावणाऱ्यांसमोर त्या दिसायच्या, पण शेकडो चेहऱ्यांनंतर. वर यायला चांगले अभिप्राय हवेत, अभिप्रायांना विद्यार्थी हवेत आणि विद्यार्थी मिळायला वर यायला हवं. यातून सुटायचा एकच रस्ता नव्या माणसाला दिसतो, तो म्हणजे दर पाडणं. वहिनींनी तासाला ५ डॉलर लावले.

पहिल्या तीन महिन्यांची नोंद वहीत अशी आहे: चौदा ट्रायल, म्हणजे नवा विद्यार्थी शिक्षक पारखायला घेतो तो पहिला तास; त्यातले चार विद्यार्थी टिकले. भरलेले तास ४१. कंपनीचं कमिशन ३० टक्के. डॉलरच्या तेव्हाच्या पंचाहत्तर रुपये भावाने तासाला अडीचशेच्या थोडं वर. पैसे काढायचे आकार जाऊन हातात पडले १०,३०० रुपये. जुना लॅपटॉप १७,०००, हेडफोन १,८०० आणि तीन महिन्यांचं इंटरनेट १,८००, म्हणजे खर्च २०,६००. आवक बरोबर खर्चाच्या निम्मी. शाळेने याच तीन महिन्यांत सत्तावीस हजार दिले असते.

कमिशनचा मुद्दा लोकांना पटकन कळत नाही म्हणून एक उघड माहिती असलेलं उदाहरण देतो. वहिनी या साइटवर नव्हत्या, पण प्रेप्ली ही मोठी कंपनी पहिल्या ट्रायल तासाचे पूर्ण पैसे स्वतः ठेवत आली आहे; पुढच्या तासांवर ३३ टक्क्यांपासून सुरुवात, आणि शिकवलेले तास वाढत जातील तसं ते १८ टक्क्यांपर्यंत उतरतं. म्हणजे जुन्याला सवलत आणि नवखा सगळ्यात महाग पडतो. आपल्याकडे दलालाला पहिल्या महिन्याचं भाडं देतात, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे दलाल दर महिन्याला येतो.

"तुमचं आडनाव मराठी आहे ना?"

फेब्रुवारी २०२२ मध्ये एका इंग्रज बाईंचा निरोप आला. नवरा ठाण्याचा, दोघं लंडनला. त्यांना इंग्रजी कशाला लागणार! त्यांनी वहिनींचं आडनाव वाचलं होतं आणि विचारलं होतं की मराठी शिकवाल का. सासूबाईंशी फोनवर बोलायचं होतं.

वहिनींनी प्रोफाइलवर मराठी हा विषय टाकला आणि शोधयादीत जाऊन बघितलं. इंग्रजीत त्या शेकड्यांच्या मागे होत्या. मराठीला सगळी मिळून एका पानावर मावतील इतकीच माणसं. त्यांनी दर एकदम १२ डॉलर केला. मुलगी म्हणाली, आई वेडी आहेस का. लंडनवालीने घासाघीस न करता दहा तासांचे पैसे भरले.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींच्या वर लोक आहेत. एवढी मोठी भाषा, पण डुओलिंगोसारख्या ॲपवर हिंदी मिळते, मराठी नाही. परदेशात बसून मराठी शिकायची झाली तर तिथली महाराष्ट्र मंडळांची रविवारची शाळा, एखाद्या विद्यापीठातला वर्ग किंवा संशोधक असाल तर पुण्यातला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा अभ्यासक्रम, एवढेच ठळक पर्याय. या पोकळीत माणसं थोडी असतात, पण अडलेली असतात. आणि अडलेला माणूस दर फारसा बघत नाही, हे विक्रोळी स्टेशनबाहेर पावसात छत्री विकणाऱ्याला विचारा.

गिऱ्हाइकं तीन तऱ्हेची निघाली. मराठी घरात लग्न होऊन आलेल्या सुना आणि जावई. परदेशात वाढलेली मुलं, ज्यांचे आजी-आजोबा साताऱ्याला किंवा डोंबिवलीला. आणि क्वचित एखादा अभ्यासक, ज्याला अभंग वाचायचे असतात पण भाजीचा भाव विचारता येत नाही.

चार आणि चार

शिकवण्याबद्दल वहिनी बोलायला लागल्या की माझं हिशेबाचं काम अडायचं, पण ते ऐकण्यासारखं असायचं.

शाळेतलं व्याकरण त्यांना पाठ होतं. मात्र मराठी घरातल्या मुलाला 'कर्मणी प्रयोग' शिकवणं म्हणजे जे तो रोज बोलतो त्याला नाव देणं. लंडनवालीला ते नाव नको होतं, तिला ती गोष्टच हवी होती. "मी आंबा खाल्ला" आणि "मी पोळी खाल्ली" ही दोन वाक्यं तिने लिहून घेतली आणि विचारलं, "पोळी खाल्ल्यावर मी बाई झाले, मग आंबा खाल्ल्यावर पुरुष का होते?" वहिनी म्हणतात, अकरा वर्षांत हा प्रश्न मला एकाही मुलाने विचारला नव्हता. त्या रात्री त्यांनी बी.ए.ची वही काढली.

दुसरा अडथळा 'च'चा. 'चार' हा आकडा आणि 'गुरांना चार' यातला 'चार' लिहायला एकच, बोलायला दोन. आपण हे कधी शिकलो ते आपल्याला आठवत नाही. न्यू जर्सीतल्या अकरा वर्षांच्या एका मुलासाठी वहिनींनी घरातल्या वस्तूंच्या दोन रांगा केल्या: एकीकडे चहा, चिमटा, चिंच, दुसरीकडे चमचा, चाकू, चूल. प्रत्येक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरायची आणि म्हणायची. चूल घरात नव्हती, तिथे गॅसच्या शेगडीवर बोट ठेवून भागवलं.

सगळ्यात महागात पडलेली चूक 'आम्ही'ची. लंडनवाली मोठ्या उत्साहाने सासूबाईंना फोनवर म्हणाली, "दिवाळीला आम्ही ठाण्याला येऊ आणि आम्ही फराळ करू." सासूबाई गप्प. इंग्रजीत एकच शब्द, मराठीत दोन: 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत, 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर. नवीन सून स्वयंपाकघरातून सासूला बाहेर काढते आहे, असं त्या माउलीला वाटलं. पुढचा पूर्ण तास आपण-आम्ही यावर गेला आणि दुसऱ्या दिवशी फोनवर दुरुस्ती झाली. हे कुठलं ॲप कधी पकडेल का, मला शंका आहे. ते पकडायला सासू कशी गप्प होते हे माहीत असावं लागतं.

नऊशेचे पाचशे कसे झाले

आता वहीतला मे २०२३. दर १५ डॉलरवर गेला होता, कंपनीचं कमिशन २५ टक्क्यांवर उतरलं होतं, डॉलर ब्याऐंशीच्या आसपास. साइटवरचे तास २०, म्हणजे तासाला साधारण नऊशे वीस. शिवाय ओळखीतून थेट आलेले विद्यार्थी, १६ तास, १४ डॉलरने. त्यांचे पैसे पेपॅल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेवरून. पेपॅलचं शुल्क आणि डॉलरचा रुपया करताना बाजारभावापेक्षा मिळणारा कमी भाव मिळून त्यातले आठेक टक्के गेले. एकूण हातात ३४,९०० रुपये.

मी विचारलं, "वहिनी, बाकीचे तास?" म्हणजे ट्रायल, तयारी, लिहून आलेल्या वाक्यांच्या दुरुस्त्या, रात्रीचे निरोप, ऐनवेळी रद्द झालेल्या तासासाठी कॅमेरा लावून बसणं. त्यांनी ते वेगळे मोजले नव्हते, पण वहीच्या समासात काट्या होत्या. बसून मोजल्या: ३२. छत्तीस अधिक बत्तीस, अडुसष्ट. नऊशे वीसचा तास पाचशे तेरावर आला.

पाचशे तेरा वाईट अजिबात नाही. शाळेत त्यांना याच्या निम्मेही पडत नव्हते. पण "तासाला नऊशे" ऐकून नोकरी सोडायला निघालेल्या माणसाने हा भागाकार आधी करावा.

त्यात घड्याळ. न्यू जर्सीच्या मुलाचा तास त्याच्या रात्री साडेआठला, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी सात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे जातात आणि आपली तिथेच राहतात. साइटवर हे आपोआप बदलतं. थेट विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते कोणी सांगत नाही. १३ मार्च २०२३, सोमवार. वहिनी सातला तयार होऊन बसल्या, मुलगा एक तास वाट बघून झोपलेला. आणि सहाची वेळ परत द्यायची तर तेव्हा नळाला पाणी. आमच्याकडे पाणी थांबत नाही. आता सहाचा तास असला की वहिनींचे मिस्टर पिंप भरतात, त्यांचं हे नवं काम. लंडनचा तास रात्री साडेदहाला. तेव्हा कुकर लावायचा नाही आणि शेजारच्या मंडळाने गणपतीत स्पीकर लावला तर गोधडी डोक्यावर घेऊन शिकवायचं.

ऑगस्टचा फटका

ऑगस्ट २०२३ मध्ये वहिनींनी साइटच्या चॅटमध्ये एका विद्यार्थिनीला आपला व्हॉट्सॲप नंबर दिला. तिचं नेट सारखं जात होतं, एवढंच कारण होतं असं त्या म्हणतात. मला ते पूर्ण खरं वाटत नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. थेट शिकवलं की कमिशन वाचतं हे त्यांना माहीत होतं. साइटच्या नियमांत नंबर देणं सक्त मना होतं. दुसऱ्या दिवशी खातं बंद. ११८ डॉलर अडकले, ते सदतीस दिवसांनी आणि सहा ईमेलनंतर सुटले. ६१ अभिप्राय मात्र कायमचे गेले.

चूक त्यांची होती. तरीही एक गोष्ट खटकते. दीड वर्षात वहिनींनी उभी केलेली पत त्या साइटच्या भिंतीवर लिहिलेली होती आणि भिंत कंपनीची. शाळेने काढलं तेव्हा निदान अनुभवाचा दाखला तरी हातात होता.

दुसऱ्या साइटवर शून्यापासून सुरुवात झाली. वहीत ते सरळ दिसतं: जुलैत ३०,०००, सप्टेंबरमध्ये १७,०००. डिसेंबरमध्ये तर १४,०००, कारण नाताळात विद्यार्थीच भारतात सासरी आलेले! मार्च २०२४ पर्यंत गाडी सव्वीस हजारांवर आली. वर्षाचे झाले २,९६,०००. नव्या करप्रणालीत त्या वर्षी तीन लाखांपर्यंत कर नव्हता, त्यामुळे कर शून्य. जीएसटीची मर्यादा सेवेला वीस लाख, तोही प्रश्न नाही. मी फक्त एक सवय लावली: परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेची बँकेकडून पावती घ्यायची आणि पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा बँकेचा संकेतांक, बरोबर पडलाय का बघायचा. बेकायदा काही नव्हतं, कागद नव्हते एवढंच. रिटर्न भरलं, कर्ज मिळालं, नवा लॅपटॉप आला.

मग सगळ्यांनी करावं का?

वहिनींचं बघून इमारतीतल्या आणखी चौघींनी विचारलं. दोघींनी इंग्रजी लावून बघितलं आणि दोन महिन्यांत सोडलं. एकीने हिंदी लावली. तिला थोडी कामं मिळतात, पण हिंदीचे शिक्षक रांगेने उभे असल्यामुळे दर सहा डॉलरच्या वर जात नाही. चौथीने मराठीच लावली, आणि इथे वहिनींचा चेहरा पडला. कारण त्या एका पानाच्या यादीत पाच मराठी शिक्षक वाढले की विद्यार्थी पाचपट होत नाहीत. मराठीतला वहिनींचा दर टिकला तो शिकवणारे थोडे होते म्हणून. हा मार्ग एका बाईला तारतो; संपूर्ण कॉलनीला तारेल असं म्हणणाऱ्या योजनेच्या कागदावर मी सही करणार नाही.

न्यूयॉर्कची नातकल्लम ही संस्था २०१५ पासून सीरियन निर्वासितांकडून लोकांना अरबी शिकवून घेते. तिथे विद्यार्थी शोधण्याचं काम संस्था करते आणि अरबीला जगभरातून मागणी आहे. मराठीसाठी ते काम आज कोण करतंय? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा वहिनींच्या मोबाइलवर अभिनंदनाचे चाळीस निरोप आले. विद्यार्थी एकही नाही.

विद्यार्थी आले ते दुसऱ्याच कारणाने आणि दुसऱ्याच दिशेने. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला, वाद पेटला आणि २९ जूनला तो मागे घ्यावा लागला. त्या गदारोळात पवईच्या टॉवरमधल्या अमराठी कुटुंबांना वाटलं की आपल्याला थोडं मराठी यायला हवं. विक्रोळीहून पवई रिक्षाने पंधरा मिनिटं. वहिनींनी पाचशे रुपये तास सांगितला. समोरून उत्तर आलं, "ग्रुपमध्ये घ्या ना, माणशी दोनशे." लंडनची बाई बाराशे बिनबोभाट देते आणि पवईची दोनशेवर अडते. वहिनींनी गट घेतला. सहा जणी, शनिवारी सकाळी. सहा दुणे बारा, म्हणजे तासाला बाराशेच पडतात, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी हसलो. हा हिशेब मी करायला हवा होता.

लंडनवाली अजून आहे. व्याकरण आता ती चॅटजीपीटीला विचारते आणि वहिनींकडे येते ती नुसत्या गप्पांना, आठवड्यातून दोनदाऐवजी एकदा. वहिनींना याची काळजी वाटते का, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला मुलगी झालीय भाऊजी. अजून तीन वर्षांनी ती बोलायला लागेल ना."

त्यांच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं आहे. त्यात २ नोव्हेंबर २०२५ च्या चौकोनात, तिथीच्या खाली लाल पेनाने लिहिलंय: अमेरिका घड्याळ मागे, सात वाजता तास, पाण्याची चिंता नाही.